साधी माणसं हुकूमशाही चळवळीकडे का वळतात?

पाणवठा
या विषयावर एक उत्तर सारखं ऐकू येतं: लोक गरीब होते, अडाणी होते, भाषणांना भुलले. मला ते पटत नाही. मे १९२८ मध्ये जर्मनीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. चार वर्षांत एवढी माणसं अडाणी झाली नसणार. त्यांत शिक्षक होते, शेतकरी होते, दुकानदार होते, संसार नीट करणारे लोक. त्यांना नेमकं कशाने ओढलं? ‘द्वेष’ या एका शब्दावर भागवू नका, तपशिलात सांगा.

शोधयात्री
गरिबीचं उत्तर कुठे तोकडं पडतं ते मतांमध्येच दिसतं. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत सुमारे ६० लाख बेकार होते. पण बेकार कामगारांचा ओढा जास्त करून कम्युनिस्टांकडे होता. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्यांना जवळपास १७ टक्के मतं पडली. नाझींचा जोर होता प्रोटेस्टंट ग्रामीण भागात, छोटे शेतकरी, कारागीर, दुकानदार यांच्यात. म्हणजे ज्यांच्या हातात अजून काहीतरी होतं आणि ते निसटताना दिसत होतं, अशांत. १९२३ च्या महागाईत साठवलेला पैसा एकदा मातीमोल झालाच होता. मग शेतमालाचे भाव कोसळले, १९३१ च्या उन्हाळ्यात एक मोठी बँक बुडाली, आणि नेमक्या त्याच काळात सरकारने वटहुकूम काढून कर वाढवले, पगार आणि मदत कापली. ज्याच्याकडे आधारासाठी पाहावं तोच हात आखडता घेतोय, हे लोकांच्या जिव्हारी लागलं.

आता याची दुसरी बाजू बघा. कॅथलिक खेड्यांतले शेतकरीही अडचणीत होते, पण तिथे नाझींना बरीच कमी मतं मिळाली. त्या लोकांना स्वतःचा पक्ष होता, चर्चभोवतीच्या संस्था होत्या. दुखणं तेच, पण जायला दुसरं दार होतं.

रानवाटा
शोधयात्रींचं बरोबर आहे, पण नुसत्या संस्था असल्या म्हणजे समाज सुरक्षित, असा अर्थ कुणी काढू नये. जर्मनीतल्या २२९ शहरांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास आहे. जिथे गायन मंडळं, व्यायाम मंडळं, नेमबाजीचे क्लब दाट होते, तिथे नाझी पक्षाचे सभासद जास्त वेगाने वाढले. (ज्या राज्यात सरकार स्थिर होतं, त्या प्रशियात हा परिणाम बराच फिका दिसतो. हा भाग लोक सांगायचा विसरतात.)

असं का होतं, ते भरतीची रीत पाहिली की कळतं. बोलावणं अनोळखी माणसाकडून येत नाही. गायन मंडळाचा खजिनदार सभासद झाला की त्याच्या शब्दाखातर आणखी चौघे सभेला येतात. सभेचा विषय ‘राष्ट्र’ असेलच असं नाही. शेतकऱ्यांपुढे कर्ज आणि भाव, दुकानदारांपुढे मोठ्या दुकानांची स्पर्धा. पक्षाने १९२८ पासून वक्ते तयार करायला टपालाने शिकवण्याचा वर्ग चालवला होता. सभेला तिकीट असे, त्यामुळे कुठला विषय चालतो ते गल्ल्यावरून लगेच समजायचं. गर्दी झाली तर तोच विषय पुन्हा, नाही झाली तर बदल.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची: काम. खुर्च्या मांडा, पत्रकं वाटा, वर्गणी गोळा करा. ज्या माणसाला महिनोन्‌महिने कुणी काही विचारलं नव्हतं, त्याची आता कुणीतरी वाट पाहतं. बेकार तरुणांना पक्षाच्या वसतिगृहात गरम जेवण आणि गणवेश. एवढं झाल्यावर विचारसरणी पचायला फार दिवस लागत नाहीत, कारण ती नाकारली तर हे सगळंच सोडावं लागतं.

१९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एका समाजशास्त्रज्ञाने ‘मी नाझी का झालो’ अशा अर्थाच्या आत्मकथनांची स्पर्धा ठेवली होती, बक्षिसं ४०० मार्कांची. ६८३ हस्तलिखितं आली. त्यांत वर्गभेद विसरून एक झाल्याची भावना पुन्हा पुन्हा येते. मात्र ही आत्मकथनं नाझींची सत्ता आल्यानंतर, बक्षिसासाठी लिहिलेली आहेत. वाचताना हे लक्षात ठेवावं.

अक्षरवेल
स्वभावाचा भागही आहे. तो मोजायला अभ्यासक राजकारणाचं काही न विचारता मुलांविषयी चार प्रश्न विचारतात. मुलात काय जास्त हवं: स्वतंत्रपणा की मोठ्यांचा आदर, कुतूहल की रीतभात, स्वावलंबन की आज्ञाधारकपणा, दुसऱ्याचा विचार की शिस्तीचं वागणं? प्रत्येक जोडीत एकच निवडायचं. हे असं जोडीने विचारण्याला कारण आहे. १९५० च्या सुमाराच्या जुन्या मापात सगळी विधानं एकाच बाजूची होती, त्यामुळे कशालाही ‘हो’ म्हणणारा माणूसही हुकूमशाही वृत्तीचा ठरायचा.

शिस्त निवडली म्हणजे माणूस वाईट, असं मुळीच नाही. एरवी तो शेजारधर्म पाळणारा सज्जन असतो. ‘आपण’ म्हणून जे काही आहे ते फुटतंय, पुढारी विश्वासाचे नाहीत, कुणाचं कुणाशी जुळत नाही, असं वाटलं की ही वृत्ती जागी होते. स्वतःच्या खिशाची झळ तितकी मोठी ठरत नाही. म्हणून अशा चळवळी सतत फूट आणि फितुरीची भाषा बोलतात.

पाणवठा
हे उपयोगी आहे. पण जे सामील नव्हते ते गप्प का बसले? आणि घरातलंच कुणी ओढलं जात असेल तर काय करावं?

निर्मळ
बरेचसे गप्पही बसले नाहीत, आत शिरले. जानेवारी १९३३ मध्ये पक्षाचे साधारण साडेआठ लाख सभासद होते. १ मेपर्यंत सुमारे २५ लाख झाले, आणि पक्षालाच नवी नोंदणी थांबवावी लागली. यातल्या कित्येकांना नोकरी सांभाळायची होती.

गप्प बसण्याबद्दल सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग पाहा. रेषांची लांबी ओळखायची; बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. सुमारे एकतृतीयांश वेळा माणूस डोळ्यांदेखत चूक दिसत असताना तेच म्हणतो. एकाने बरोबर उत्तर दिलं की हे प्रमाण एकदम घसरतं. त्या एकाचं उत्तर वेगळ्या प्रकारे चुकलेलं असलं तरीही घसरतं! म्हणजे पहिल्याने सगळे मुद्दे बिनचूक मांडायलाच हवेत असं नाही, एकमत मोडलं तरी पुरतं.

घरातल्या माणसाशी चारचौघांत वाद घालू नका. तो हरला तर मान राखायला थेट त्या चळवळीकडेच जाईल. एकट्याशी बोला, आणि तत्त्वांवर नव्हे: तिथे तुला काय काम दिलंय, कोण भेटतं, तू गेला नाहीस तर कुणाचं अडतं? उत्तरातून कळतं की त्याला तिथे काय मिळतंय. तसंच काम, तशीच विचारपूस दुसरीकडे उभी करता येते का ते बघा, आणि वाढवायला सोपी अशी एखादी जबाबदारी त्याच्याकडे सोपवा. हे त्याने जाहीरपणे कुणाला शिवीगाळ किंवा मारहाण करण्याआधी व्हायला हवं. एकदा हातून तसं घडलं की परत येताना त्याला स्वतःचीच चूक कबूल करावी लागते, आणि तिथे बहुतेक जण अडतात. तोही टप्पा गेला असेल तर घरचं बोलणं तोडू नका. पुढे कधी तिथून मन उडालं तर त्याला फोन करायला एक तरी नंबर हवा.