मदत हवी आहे : दोन व्हीओआर रिसीव्हर एकमेकांशी जुळतात, पण चाचणी संचाशी जुळत नाहीत

नमस्कार. मी नागपुरात सोनेगाव भागात राहतो आणि लहान प्रशिक्षण विमानांच्या रेडिओ उपकरणांची देखभाल शिकत आहे. चार आसनी विमानातील दोन व्हीओआर रिसीव्हर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासून विमान कोणत्या दिशेला आहे ते सांगणारी उपकरणे) तपासताना एका जागी अडलो आहे.

चाचणी संचातून (ठरावीक दिशेचा कृत्रिम संकेत देणारे उपकरण) शून्य अंशाचा संकेत दिल्यावर सुई मध्यावर आणण्यासाठी एक नंबरच्या निर्देशकाची घुंडी, तो 'फ्रॉम' (केंद्रापासून) दाखवत असताना, ३ अंशांवर, तर दोन नंबरची ५ अंशांवर न्यावी लागली. 'टू'च्या (केंद्राकडे) बाजूला, जिथे १८० यायला हवे, तेच १८३ आणि १८५ आले. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, "दोघांत दोनच अंशांचा फरक आहे ना, मग झालं." अमेरिकी नियमही दोन रिसीव्हर आपसात ताडून पाहताना ४ अंशांपर्यंत फरक चालवून घेतो. परंतु त्याच नियमात चाचणी संकेतावरची मर्यादाही ±४ अंश आहे, म्हणजे दोन नंबरचा रिसीव्हर एका कसोटीत पास आणि दुसऱ्या कसोटीत नापास ठरतो.

पत्र्याच्या शेडमुळे संकेत परावर्तित होत असेल, अशी शंका आली म्हणून संच केबलने थेट अँटेनाच्या जोडणीला लावला. आकडे तसूभरही हलले नाहीत. मग ९० आणि २७० अंशांचे संकेत दिले. तेथे एक नंबरची चूक पुन्हा ३ अंशच राहिली, दोन नंबरची मात्र एकाच अंशावर आली. येथेच माझा संशय पालटला. चाचणी संचच ३ अंशांनी चुकत असेल, तर एक नंबर निर्दोष ठरतो आणि दोन नंबरची चूक शून्य व १८० वर अधिक २, तर ९० व २७० वर उणे २ अशी उरते, म्हणजे दोष रिसीव्हरपेक्षा निर्देशकातल्या रिझॉल्व्हरकडे (घुंडीचा कोन विद्युत संकेतात बदलणारा भाग) बोट दाखवतो.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. दोन्ही निर्देशकांची अदलाबदल करून चूक कोणाबरोबर जाते हे आधी पाहावे, की संचाचे कॅलिब्रेशन होईपर्यंत थांबावे? आणि संच पडताळण्यासाठी विमान धावपट्टीजवळच्या ठरावीक जागी उभे करून खऱ्या केंद्राचा रेडियल (केंद्रापासून निघणारी दिशारेषा) घेतला, तर नकाशावरून काढलेल्या दिशेत कोणते चुंबकीय विचलन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन) धरावे, आजचे की केंद्र जुळवताना धरलेले? तोवर नोंदवहीत तारीख, जागा आणि चूक लिहिली आहे, सही मात्र केलेली नाही.