मदत हवी आहे: दुसऱ्या ओळीचं इंडेंट (सुरुवातीची मोकळी जागा) आपोआप सरकतं

टंकक: दोन दिवस यातच गेले. कोडमध्ये कॉन्स्ट या एकाच घोषणेच्या शब्दाखाली तीन नावं, स्वल्पविराम देऊन, एकेका ओळीवर लिहिते. एंटर मारला की दुसरी ओळ 6 स्पेस आत जाते. मला 2 हव्यात. मागे आणली तरी टॅब दाबला की पुन्हा तिथेच. सेटिंगमध्ये 2च आहे, तीनदा बघितलं. आज काम द्यायचंय, लवकर सांगा.

कळफलक: कोड लिहायचा एडिटर कुठला? भाषा कुठली?

जुनाखांब: विम एडिटरमध्ये दोनदा जी, मग बरोबरचं चिन्ह, मग कॅपिटल जी. अख्खी फाईल सरळ होते. वर्षानुवर्षं हेच करतोय.

कळफलक: विम आहे असं त्या कुठे म्हणाल्या?

रानवारा: मुळात स्पेस कशाला? टॅब ठेवा, ज्याला जेवढी रुंदी हवी तेवढी दिसते.

सावली: पायथनमध्ये 4 स्पेसचा संकेत आहे, 2 नका ठेवू.

टंकक: राहिलंच सांगायचं. ईमॅक्स, जावास्क्रिप्ट. कॉन्स्टऐवजी व्हार लिहिलं तर 4च जातात! आणि ईएसलिंट (कोड तपासणारं साधन) ओरडतं, 2 हव्यात, 6 सापडल्या.

कळफलक: मग कारण कळलं. व्हारची इंग्रजी अक्षरं 3 आणि एक स्पेस, झाले 4. कॉन्स्टची 5 आणि एक, झाले 6. जेएस-मोड, म्हणजे ईमॅक्समधली जावास्क्रिप्टची सोय, पुढची नावं पहिल्या नावाच्या बरोबर खाली आणतो. तुमचा 2चा आकडा तिथे लागूच होत नाही. रानवारा, म्हणून टॅबनेही हे सुटणार नाही. ईएसलिंटच्या इंडेंट नियमात व्हेरिएबल-डिक्लरेटरला 'फर्स्ट' द्या, म्हणजे तोही पहिल्या नावाखालचीच जागा बरोबर मानेल.

रानवारा: त्यापेक्षा प्रत्येक नावाला वेगळा कॉन्स्ट. शेवटी नाव वाढवलं तर वरच्या ओळीचा अर्धविराम बदलावा लागत नाही, डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) स्वच्छ राहतो.

जुनाखांब: दहा वेळा कॉन्स्ट वाचायला कुणाला आवडतं?

टंकक: फर्स्टने या फाईलमधल्या लाल रेघा गेल्या. पण दुसऱ्या फाईलमध्ये पहिल्याच नावाला ऑब्जेक्ट आहे. महिरपी कंसातल्या ओळी 2वर, खालची नावं 6वर. वाचवत नाही.

कळफलक: जेएस-इंडेंट-फर्स्ट-इनिट हे सेटिंग बघा, ईमॅक्स 25पासून आहे. मुळात 'निल', म्हणजे बंद, असतं. 'डायनॅमिक' केलंत की बंद कंसापुढे स्वल्पविराम असेल तरच आतल्या ओळी सरकतात. स्वल्पविराम नंतर टाकलात तर वरच्या ओळी आपण होऊन हलत नाहीत. तेवढा भाग निवडून कंट्रोल-मेटा-बॅकस्लॅश दाबा.

टंकक: निवडून दाबलं, बसलं! खूप आभार. नवीन फाईलमध्ये मात्र रानवारा म्हणतात तसे वेगळे कॉन्स्ट लिहीन.

सावली: हेच पायथनमध्ये कसं करायचं?