विनोदी सिनेमाचं बॅकग्राउंड केलं की शिक्का बसतो का?

नवा_ठेका

नमस्कार मंडळी. मी मूळचा नागपूरचा, सध्या पुण्यात. आतापर्यंत जाहिराती आणि एका वेबमालिकेचं पार्श्वसंगीत केलंय. आता पूर्ण लांबीचा एक मराठी सिनेमा हातात येतोय. विनोदी आहे. त्याच दिग्दर्शकाचा पुढचाही विनोदीच. मी ज्यांच्याकडे असिस्टंट होतो ते म्हणतात, "घेऊ नकोस. एकदा कॉमेडीवाला झालास की गंभीर सिनेमासाठी कुणी फोन करणार नाही." आई म्हणते, आपल्या नागपूरचे राम-लक्ष्मण दादा कोंडक्यांच्या सिनेमातून थेट हिंदीतल्या राजश्री प्रॉडक्शन्सकडे गेले, तू कशाला घाबरतोस?

दुसरी अडचण कामातली. दिग्दर्शकाला प्रत्येक पंचवर काहीतरी वाजलेलं हवंय. एडिट आली आहे, त्यात टेम्प म्हणून, म्हणजे खरं संगीत होईपर्यंत तात्पुरती, दर विनोदानंतर ट्रॉम्बोनची घसरगुंडी टाकून ठेवलीय. कसं समजावू?

खिसा_रिकामा

घे रे काम. शिक्का मारायला आधी कागद तरी पाहिजे.

काळी_चार

आईंचं बरोबर आहे, पण 'थेट' हा शब्द काढून टाक.

मी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचो, पुढे मुंबईत गाण्यांच्या आणि बॅकग्राउंडच्या रेकॉर्डिंगला बसलो. विजय पाटील, म्हणजे जोडीतले लक्ष्मण, हेही पियानो-अकॉर्डियनवालेच, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, हे आधीच सांगतो. राम म्हणजे सुरेंद्र हेंद्रे. जोडीचं नाव दादांनीच ठेवलं. १९७५ चा 'पांडू हवालदार' हा दिग्दर्शक म्हणून दादांचा पहिला आणि या दोघांचाही पहिला. 'सोंगाड्या' (१९७१) राम कदमांचा होता, म्हणजे ज्याच्या हाडात ढोलकी भिनलेली अशा माणसाचा. त्या गादीवर येऊन बसायचं म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच कळेल. मग 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', ओळीने.

राजश्रीचा 'एजंट विनोद' १९७७ चा. त्याच सुमारास हेंद्रे गेले. पाटलांनी नाव बदललं नाही. एकटेच राम-लक्ष्मण म्हणून काम करत राहिले. आणि 'मैंने प्यार किया' आला १९८९ च्या डिसेंबरात! मधली बारा वर्षं मोज. फिल्मफेअर हातात पडलं तेव्हा गडी पन्नाशीला टेकला होता. 'हम आपके हैं कौन' त्याच्याही पुढे, १९९४ ला. तेव्हा शिक्का बसला की नाही यापेक्षा तेवढी वर्षं तग धरता येतो का, हे स्वतःला विचार.

आता एक काम कर. 'ढगाला लागली कळ' लाव आणि शब्दांकडे लक्ष न देता फक्त चाल ऐक. शब्द दादांचे, त्यावरून झालेली आरडाओरड सगळ्यांना माहीत आहे. पण चालीने कुठे डोळा मारलाय का बघ. नाही मारलेला. महेंद्र कपूर आणि उषाताई खुल्या गळ्याने, सरळ पावसाचं गाणं गावं तसं गातात. चावटपणा शब्दांत आणि दादांच्या चेहऱ्यावर. वाद्यांनी त्यात नाक खुपसलेलं नाही. 'अंजनीच्या सुता' तर आजही हनुमान जयंतीला मांडवात वाजतं, आणि ते 'तुमचं आमचं जमलं'मधलं आहे हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. विनोदी सिनेमाचा संगीतकार असा असतो.

ट्रॉम्बोनचं म्हणशील तर दिग्दर्शकाशी वाद घालू नकोस, करून दाखव. एका सिनेमाच्या बॅकग्राउंडला आम्ही बसलो होतो, नाव राहू दे. प्रसंग असा: सासरेबुवा खुर्चीत बसायला जातात आणि जावई खुर्ची ओढतो. पडण्यावर झांज आणि ट्रॉम्बोन लिहिलेला. पडद्यावर चालवलं, कुणी हसलं नाही. अरेंजरने ते सगळं पुसलं. सासरेबुवा उंबरा ओलांडतात तिथपासून सनईवर एक संथ, मानपानाची चाल धरली, आणि खुर्ची सरकते त्या क्षणी सूर मधेच तोडला. पडल्याचा आवाज नुसता फरशीचा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट पोट धरून हसत होता, आणि तो सीन त्याने सकाळपासून पाहिलेला!

मात्र तो तोडण्याचा बिंदू बारकाईने शोधावा लागतो. सेकंदाला चोवीस फ्रेम. चार-पाच फ्रेमचा उशीर झाला तरी मजा गेली. संवाद असेल तर शेवटच्या शब्दाच्या आत वाद्यं बाजूला झाली पाहिजेत. पंच ऐकूच आला नाही तर मागून कितीही वाजव. आणि हशा ओसरायच्या आत नवा पीस सुरू करू नकोस. स्टुडिओत हशा नसतो म्हणून ती जागा रिकामी वाटते आणि हात शिवशिवतात. सोड ती रिकामी.

पोहे_आणि_पियानो

काळी_चार, वाचताना एल्मर बर्नस्टाइन आठवत होते. 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६), 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०), 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) असली भारदस्त कामं करून बसलेला माणूस. त्यांच्या मुलाचा लहानपणचा मित्र जॉन लँडिस मोठेपणी दिग्दर्शक झाला आणि १९७८ मध्ये 'अॅनिमल हाऊस' घेऊन आला. कॉलेजातल्या टारगट पोरांचा धुडगूस. लँडिसची अट एकच: हा गंभीर सिनेमा आहे असं समजून संगीत द्या. तेच चाललं. 'एअरप्लेन!' (१९८०) मध्ये जुन्या स्वस्त थरारपटांसारखं छाती पिटणारं संगीत, पडद्यावर निव्वळ येडेपणा. 'घोस्टबस्टर्स'मध्ये (१९८४) ओंद मार्तनो हे भुतासारखं विव्हळणारं विजेवरचं वाद्य वापरलंय, आणि तेही अगदी मनापासून.

पण नवा_ठेका, तुझ्या गुरुजींनी सांगितलं ते खोटं नाही. एवढ्या मोठ्या माणसावरही शिक्का बसला. ऐंशीच्या दशकात विनोदी सिनेमांची रांग लागली आणि त्यातून त्यांना ठरवून बाहेर पडावं लागलं: 'माय लेफ्ट फूट' (१९८९), 'द ग्रिफ्टर्स' (१९९०) अशी छोटी, वेगळी कामं घेत. त्यांच्यामागे मॉकिंगबर्डची पुण्याई होती. तुझ्या-माझ्यामागे काय आहे?

गंमत म्हणजे आयुष्यभरात चौदा नामांकनं आणि ऑस्कर मिळालं एकच. तेही १९६७ च्या एका विनोदी संगीतपटाला.

नवा_ठेका

काका, काल ती सनईवाली युक्ती एका सीनवर करून पाहिली. माझ्याकडे लग्नाची बैठक आहे, देण्याघेण्यावरून जुंपते तो प्रसंग. ट्रॉम्बोन काढला आणि सनईऐवजी नुसती तंबोऱ्यासारखी आस, म्हणजे मागे घुमत राहणारा एकच सूर, ठेवली. संपादक हसला. दिग्दर्शक म्हणाला, "बरं आहे, पण लोकांना कळेल का?" म्हणजे अर्धं जिंकलंय. काम घेतोय.

करारात मात्र लिहिलंय की संगीताचे सगळे हक्क निर्मात्याचे, एकरकमी पैसे. गाणी दुसऱ्याची आहेत, माझं फक्त बॅकग्राउंड. हे असंच असतं का?

दुपारची_बाकी

सही करायच्या आधी वकिलाला दाखव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा लिहून घेता येत नाही. थिएटरात सिनेमासोबत वाजतं ते सोडून इतरत्र वापर झाला, टीव्हीवर, ओटीटीवर, तर त्या रॉयल्टीत निम्मा वाटा तुझा. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. 'बॅकग्राउंड म्हणजे गाणं नव्हे' असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, संगीत ते संगीत. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सदस्यत्व काढ आणि कुठल्या सीनला किती मिनिटं-सेकंद तुझं संगीत आहे त्याची क्यू शीट स्वतः बनवून ठेव. निर्माता बनवेल म्हणून थांबलास तर ती कधीच बनत नाही.

काळी_चार

आस चांगली सुचली. त्या बैठकीच्या सीनमध्ये बाप उठून उभा राहतो असं काही असेल तर तिथे ती बंद कर, मग बघ.

आणि ढोलकी लागली कुठे तर माणूस बोलाव. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलमध्ये थाप सापडते, घुमारा सापडत नाही. बजेटचं रडगाणं सुरू झालं की म्हणावं, ट्रॉम्बोनचे पैसे वाचलेत ना!