मदत हवी आहे : वडील येत नसतील तर कुटुंबोपचार सुरू करता येतो का?

आम्ही अमळनेर तालुक्यात एकत्र कुटुंबात राहतो. धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर शेतीचे निर्णय कोणी घ्यायचे यावरून वडील आणि थोरला भाऊ यांच्यातील बोलणे बंद झाले. भाऊ जेवायला बसला की वडील ताट उचलून ओट्यावर जातात आणि दोघांचे निरोप आईलाच पोहोचवावे लागतात. सर्वाधिक झीज तिची होते आहे, हे मला पाहवत नाही.

मामांनी दोनदा बैठक घेतली, पण ती वाटणीच्या हिशेबावरच अडली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आईचे म्हणणे धीराने ऐकून घेतले गेले. मात्र कुटुंबोपचारात दोष एका व्यक्तीत न शोधता घरातील माणसे एकमेकांशी कशी वागतात हे पाहिले जाते, आणि आम्हाला तेच हवे आहे. मारहाण, व्यसन किंवा न्यायालयीन दावा यांपैकी काहीही नाही. वडील अहिराणीतच मोकळेपणाने बोलतात. कापूस वेचणीच्या दिवसांत महिन्यातून एकदाच जळगाव किंवा धुळ्याला जाणे जमेल.

वडिलांचा नकार असताना आई, भाऊ आणि मी अशा तिघांनीच सुरुवात केली तर उपयोग होतो का, आणि अहिराणी समजणारे उपचारक या दोन शहरांत कोणाच्या माहितीत आहेत का?