मदत हवी आहे: पुणे, नाशिक, नागपूर यांच्या रोजगारवाढीची तुलना कशावरून करू?

तिन्ही शहरांत गेल्या दहा वर्षांत नोकऱ्या किती वाढल्या ते ताडून पाहतोय. राज्याच्या आर्थिक पाहणीत उत्पन्न आहे, पण अख्ख्या जिल्ह्याचं. म्हणजे नाशिकच्या आकड्यात निफाडची द्राक्षंही आली, पुण्याच्या आकड्यात बारामतीही. जनगणना २०११ ची. पीएफच्या नोंदींत कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं, तर नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतला कामगारही तिकडेच मोजला जाऊ शकतो. लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचं तर विचारूच नका, जुना कारखाना आज नोंदला तरी नवाच दिसतो. विकतचे अहवाल परवडणार नाहीत. (‘कुठलं शहर भारी’ हा वाद कृपया नको.) शहरापुरता, तिन्हीकडे एकाच पद्धतीने मोजलेला मोफत आकडा कुठे मिळेल? नसेलच, तर औद्योगिक वीजवापर धरला तर चालेल का?