बक्षीस मिळणार नाही हे ठाऊक असूनही शर्यतीत नाव का द्यायचं?

मुलुंडची_चाकं

पावसाळा सरला की मुंबईच्या आसपासच्या सायकल शर्यतींची नावनोंदणी सुरू होते आणि हा वाद पुन्हा पेटतो. नोकरी, लोकल, घर सांभाळून सायकल चालवणारी चाळिशीची माणसं शर्यतीत का उतरतात? पहिल्या दहांत येण्याची शक्यता नसते. बक्षीस मिळालंच तरी त्यात टायरची जोडी येत नाही. लोक सरळ म्हणतात, मिरवायची हौस.

मला हे पटत नाही. आपल्यातले बहुतेक जण जिंकायला उतरत नाहीत, आपल्यापेक्षा थोड्या जोरात जाणाऱ्याच्या मागे टिकून राहायला उतरतात. एकट्याने कितीही रेटलं तरी पायांतून जे निघत नाही, ते त्याच्यामागे निघतं.

नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली यावर लिहिलं. त्याने सायकल शर्यतींच्या अधिकृत नोंदी तपासल्या. एकटा स्वार घड्याळाशी लढताना सर्वांत हळू होता. पुढे वेग धरून देणारा कुणी असला की स्वार वेगवान व्हायचे. यात वारा अडण्याचा भाग आहे हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने मुलांना गळाची रीळ फिरवायला दिली, कधी एकट्याने, कधी शेजारी दुसरं मूल बसवून. तिथे वारा नव्हता, तरी जोडीने बऱ्याच मुलांचे हात भरभर चालले. सामाजिक मानसशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना होते, आणि त्याचं मूळ सायकल शर्यतीत आहे.

रस्त्यावर तर वारा असतोच. सपाटीवर ताशी पस्तीस किलोमीटरने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झगडायला आठपट शक्ती लागते. बंचमध्ये, म्हणजे स्वारांच्या घोळक्यात, शिरलं की त्यातला मोठा वाटा वाचतो, पण त्यासाठी पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहावं लागतं. त्या अनोळखी माणसाने अचानक ब्रेक मारला तर दोघंही आडवे. म्हणजे ज्याला मागे टाकायचं, त्याच्याच भरवशावर तासभर काढायचा! हे नातं मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेलं नाही. माणसं परत परत नाव देतात ती यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

रविवारचा_प्रवासी

सहमत नाही. तुम्ही वर्णन केलंत ते सोबतीचं. सोबत घोडबंदरच्या रविवारच्या राईडलाही मिळते. तिथेही पाळीपाळीने पुढे येऊन वारा अडवतातच की. मग छातीवर नंबर कशाला? पायाला वेळ मोजणारी चिप कशाला? शर्यतीत सोबतीखेरीज एकच गोष्ट जास्तीची असते, ती म्हणजे क्रमांक. ओढ त्याचीच आहे.

राईडच्या वेळा नोंदवणारं स्ट्राव्हा अ‍ॅप आल्यापासून हे उघडंच झालं. पेडर रोडचा चढ असो की आरेतला रस्ता, कुणी किती सेकंदांत कापला याची यादी असते आणि लोक पहाटे सिग्नल तोडून त्या यादीत वर सरकतात. हे मी डोळ्यांनी पाहतो. शर्यत ही त्याच सवयीची फी भरून केलेली आवृत्ती आहे.

खरी हौस बघायची तर बीआरएम बघा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. वेळेत पोचलात की झालं. पहिला नाही, शेवटचा नाही. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिककडे जाताना रात्री दोन वाजता ढाब्यावर अनोळखी माणूस स्वतःची ट्यूब काढून देतो. शर्यतीत हे करेल कुणी?

मुलुंडची_चाकं

@रविवारचा_प्रवासी, बीआरएमचा मला आदर आहे. पण त्याच परंपरेतली सगळ्यांत मोठी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मध्ये सुरू झाली ती शर्यत म्हणूनच. आज १२०० किलोमीटरला ९० तास मिळतात आणि क्रमांक नसतो, तरी परत आलेल्याला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "किती तासांत?" आणि रविवारच्या राईडला जो मागे पडतो त्याच्यासाठी सगळे पुढच्या चहाच्या टपरीवर थांबतात. थांबायलाच हवं. पण सगळे थांबणार हे माहीत असलं की माणूस शेवटचा जोर लावत नाही. शर्यतीत कुणी थांबत नाही, आणि तेवढ्यानेच पाय वेगळे चालतात.

जुना_गडी

दोघांचं वाचलं. दोघंही ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्याबद्दल बोलताय.

मी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघत मोठा झालो, पुढे त्यात उतरलो. जुन्या हायवेने पनवेल, खोपोली, मग बोरघाट. शिंग्रोबाच्या देवळाकडच्या चढाला दोन्ही बाजूंनी माणसं उभी असायची, ओंजळीने पाणी मारायची. घाट जो आधी चढेल तो 'घाटांचा राजा'. पुण्यात कितवा आलास हे लोक विसरायचे, घाटाचा राजा कोण ते लक्षात ठेवायचे.

माझ्यासोबत सांगली-कोल्हापूरकडची पोरं असायची. कुणाचा बाप ऊसतोडीला, कुणी पहाटे दुधाच्या किटल्या घालून मग सरावाला. त्यांना का उतरतोस म्हणून विचारण्याची गरजच नव्हती. क्रीडा कोट्यातून रेल्वेत नोकरी लागावी, हे एकच उत्तर. चांगला क्रमांक म्हणजे प्रमाणपत्र, प्रमाणपत्र म्हणजे अर्ज. रोख बक्षिसातून पुढच्या शर्यतीचं भाडं निघायचं. ही पोरंही नोंदीत हौशीच होती. त्यांच्या चाकामागे वीतभर अंतरावर मीही राहिलोय, पण ती भरवसा वगैरे अनुभवायला आलेली नव्हती. खांद्यावर घर घेऊन आली होती.

आज तीन-चार लाखांची कार्बनची सायकल घेऊन "बक्षिसासाठी नाही हो" म्हणणं सोपं आहे. मला त्याचा राग नाही. पण तीच सगळ्या सायकलस्वारांची प्रेरणा म्हणून मांडाल तर मी बोलणार.

शिवाजीपार्कची_लेक

जुना_गडी काकांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. त्यात माझी एक भर.

मी शर्यतीत उतरते कारण वर्षातले ते काही तास रस्ता माझा असतो. या शहरात सी-लिंकवर सायकल नाही, कोस्टल रोडवर नाही, ईस्टर्न फ्रीवेवर नाही. पहाटे साडेचारला माहीमहून एकटी निघाले की मागून येणारी प्रत्येक बाईक जवळ येऊन वेग कमी करते का, याकडे निम्मं लक्ष. त्यात पूर्ण जोर कसला लावणार? शर्यतीत चौकाचौकात स्वयंसेवक असतो, मागे गाडी असते. मान खाली घालून फक्त पायडल मारायला मिळतं. पुरुषांना हे रोज थोडंफार मिळतं म्हणून कदाचित ते कुणी मोजत नाही.

आणि क्रमांकाला एवढी नावं ठेवू नका. घरी सगळ्यांचे डबे भरून सरावाला जाणाऱ्या बाईला "हे कशासाठी करतेस" असं महिन्यातून दहादा ऐकावं लागतं. यादीत छापलेलं नाव हे तिच्याजवळचं एकमेव उत्तर असतं. मी क्रमांकासाठी उतरते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

घड्याळवाला

ट्रिपलेटचा दाखला अर्धाच दिलाय. त्या ४० मुलांपैकी निम्मी जोडीने वेगवान झाली. १० जणांवर फारसा फरक पडला नाही आणि १० उलट मंदावली, दडपणाने हात अडखळले. धाग्यात फक्त पहिली वीस बोलताहेत. एकेका शर्यतीत उतरून कायमचे बंद झालेले मला बरेच माहीत आहेत. ते उत्तम सायकल चालवतात, इथे लिहीत नाहीत इतकंच.

मुलुंडची_चाकं

@घड्याळवाला, आकडे बरोबर आहेत. पण ती दहा मुलं शेजारी कुणी नको होतं म्हणून मंदावली नाहीत. जिंकण्याच्या ताणाने अडखळली, असं त्याचं निरीक्षण होतं. म्हणजे अडचण चुरशीच्या ताणाची, सोबतीची नाही. आयोजकांना वेगानुसार गट पाडता येतात. ताशी तीस किलोमीटरने जाणारा माणूस त्याच वेगाच्या गटात धावला तर शेवटच्या वळणापर्यंत कुणाच्या तरी मागे असतो. आपल्याकडे वयाचे गट पाडतात, वेगाचे क्वचितच. मग पंचेचाळीसचा नवशिका आणि पंचेचाळीसचा माजी राज्य खेळाडू एका रांगेत उभे राहतात, आणि नवशिका पहिल्या पाच किलोमीटरनंतर एकटा पडतो. तो पुढच्या वर्षी येत नाही यात नवल काय?

@जुना_गडी काका, नोकरीसाठी उतरलेल्यांचं कारण तुम्ही मांडलंत ते तसंच राहू दे, मी त्यावर माझं कारण चढवणार नाही. माझा एकच प्रश्न: नोकरी लागल्यावर त्यातले किती जण सायकल चालवत राहिले?

जुना_गडी

काही सुटले. दोघं-तिघं अजून येतात, कर्जतपर्यंत. केस पांढरे झालेत. चढ आला की अजूनही एकमेकांना पुढे जाऊ देत नाहीत.

रविवारचा_प्रवासी

वेगाचे गट पाडा ही सूचना चांगली, ती आयोजकांना जरूर कळवा. माझं मत मात्र तेच आहे. चढावर एकमेकांना पुढे जाऊ न देणाऱ्या त्या तिघांच्या छातीवर आता नंबर नाही, फी नाही, चिप नाही. मग शर्यत हवी होती कशाला?