नारळाच्या सोडणाचा भुसा वापरून प्रयोगशाळेच्या सांडपाण्यातला रंग काढावा का?

वाशिष्ठीकाठ: आमच्या कॉलेजात मिथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट, सॅफ्रानिन असे स्लाइड रंगवायचे जे काही रंग उरतील ते बेसिनमध्ये ओततात. तिथून शोषखड्डा, खड्डा जांभ्यात खणलेला, आणि उताराला विहिरी. ‘पावसात वाहून जातं’ हे उत्तर मला पटत नाही. नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं) इथे फुकट मिळतात. त्यांचा भुसा गरम पाण्याने धुवायचा (तपकिरी पाणी यायचं थांबेपर्यंत, नाहीतर निळं काढून चहा मिळतो), वाळवायचा, चाळायचा आणि रंगीत पाण्यात ढवळायचा. भुशातल्या कार्बोक्सिल (आम्लधर्मी) गटांमुळे पाणी फार आम्लधर्मी नसेल तर त्याच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. हे तिन्ही रंग धन प्रभाराचे, म्हणून चिकटतात. मग रंग शोषणारा विकतचा कोळसा (ॲक्टिव्हेटेड चारकोल) कशाला?

लोटे_रातपाळी: सांडपाण्याच्या कामात नोकरीची वर्षं गेली माझी, म्हणून स्पष्ट बोलतो. रंग गेला नाही, त्याने घर बदललं. निळा झालेला भुसा कुठे टाकणार? कॉलेजच्या मागे ढिगावर टाकलात तर पहिल्या पावसात थोडा रंग परत सुटेल. दुसरं, ग्रॅम स्टेनिंगमध्ये (जिवाणू ओळखायला रंगवताना) स्लाइड अल्कोहोलने धुता ना? तेच अल्कोहोल भुशावरचा रंगही ओढून काढतं. सगळं एकाच बादलीत ओताल तर पाणी पुन्हा जांभळं.

वाशिष्ठीकाठ: अल्कोहोलची बाटली वेगळी ठेवू, मान्य. पण बादल्याच्या बादल्या रंगीत पाण्यापेक्षा डबाभर वाळलेला भुसा सांभाळणं सोपं की नाही? मी रंग नाहीसा होतो म्हटलंच नाही.

रसायन_टीवाय: मॅडम, मिथाइल ऑरेंज विसरलात. ते ऋण प्रभाराचं, भुशाला जेमतेम लागतं. त्यासाठी जांभ्याची पूड पाहा: लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, आम्लधर्मी पाण्यात धन प्रभार. नाहीतर कुर्ल्या-कोळंबीच्या कवचांपासून काढलेलं कायटोसान, तेही आम्लधर्मी पाण्यात धन प्रभाराचं.

लोटे_रातपाळी: कायटोसान काढायला आधी आम्ल, मग तीव्र कॉस्टिक सोडा, तेही तापवून. कपभर रंगापायी बादलीभर कॉस्टिकचं सांडपाणी! ह्याला स्वस्त म्हणता? भुसा धुवायचं पाणीही धरा हिशेबात. मे महिन्यात टँकर कोण मागवतो?

माडाची_राखण: सगळा बरा आसा, पण ती रंगवलेली सोडणां माझ्या माडांच्या आळ्यात नको. आधीच सांगून ठेवतंय.

वाशिष्ठीकाठ: @माडाची_राखण, खत म्हणून मुळीच देणार नाही.

सूक्ष्मजीव_दापोली: माझा विरोध वेगळाच. तुम्ही सगळे रंग गेला की नाही ते डोळ्यांनी ठरवताय. ग्लुकोज आणि कॉस्टिकमध्ये मिथिलीन ब्लू घातलेली ती बाटली आठवा: ठेवली की रंगहीन, हलवली की निळी. रंग दिसत नाही म्हणजे पदार्थ नाही असं नव्हे. हवेत हलवून मग कलरीमीटरला (रंग किती ते मोजणाऱ्या यंत्राला) लावा, मिथिलीन ब्लूसाठी तरंगलांबी ६६४ नॅनोमीटरच्या आसपास. मिठाच्या पाण्यातही तपासा. सोडियम त्याच जागांसाठी भांडतो, भुसा कमी रंग धरतो. खाडीकाठच्या बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि जिवाणूंच्या कल्चरचं पाणी असेल तर आधी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जिवाणू मारणं), भुसा नंतर.

लोटे_रातपाळी: हे कोणीतरी बोलायला हवं होतं. आता माझा प्रश्न: एका वर्गासाठी लिटरभर द्रावण बनवताच का? थेंबांत भागणारं काम आहे. रंग कमी ओता, मग भुसा कमी, भांडण कमी. वापरलेल्या भुशासाठी २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम लागू होतात का, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका.

वाशिष्ठीकाठ: द्रावण कमी बनवायचं हे उद्यापासून. भुसा तरीही ठेवणार, कारण स्लाइड धुतलेलं पाणी राहतंच. झाकणाचा ड्रम, वर तारीख आणि रंगाचं नाव. पत्र लिहायला घेतलंय. कोणाच्या कॉलेजने असं पत्र पाठवलं असेल तर मसुदा इथे टाका.

रसायन_टीवाय: आणि मिथाइल ऑरेंज?

वाशिष्ठीकाठ: त्याची बाटली वेगळी. जांभा कुटायला तू ये.